लेबलावरची वेळ

शहरात त्यांना सगळे बाटलीवाले वकील म्हणत. नवख्या माणसाचा गैरसमज व्हायचाच, आणि मग ते गंभीर चेहऱ्याने खुलासा करत, "घेतो ना, पण आधी तपासून घेतो." अठ्ठावीस वर्षं हा एकच विनोद त्यांनी चालवला. तो पार झिजला तरी दुसरा करायची तसदी घेतली नाही.

सुरुवातीला तेही इतर वकिलांसारखेच भाडेकरू आणि भाऊबंदकीचे दावे लढवून पोट भरत. मग एक दिवस मत्स्यबीज विकणारा एक माणूस रडवेल्या तोंडाने आला. वरच्या अंगाच्या साबणकारखान्याने रात्रीतून काहीतरी सोडलं होतं आणि सकाळी त्याच्या तळ्यातले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. वकिलांनी जीव तोडून युक्तिवाद केला. न्यायाधीशांनी पुराव्याची बाटली हातात घेतली, हुंगली आणि विचारलं, "यात आधी काय होतं?" माणसाने खाली मान घालून सांगितलं, "तेल." खटला तिथेच आटोपला.

त्या दिवसापासून बाटली त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. नमुना स्वतः काढायचा. ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, झाकणावर दोरा आणि लाख, आणि लेबलावर जागा, तारीख, वेळ, दोन सह्या. मग बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन, चार तास बसने मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत. बसमध्ये शेजारचा माणूस हमखास विचारायचा, जेवण का? ते हो म्हणायचे. नाही म्हटलं की चार तास व्याख्यान द्यावं लागायचं.

खटले ते जिंकले त्यापेक्षा हरले जास्त. पण त्यांच्या बाटलीवर कधी कुणी बोट ठेवलं नाही. विरुद्ध बाजूचे वकील कायद्याचा कीस काढत, तारखा लांबवत, अधिकाऱ्यांना आजारी पाडत. पण लेबलावर ती बारीक, उभी सही दिसली की पुढे सरकत. एवढीच त्यांची आयुष्याची कमाई होती आणि त्यांना ती पुरेशी वाटत असे.

यातली अर्धी कमाई खरं तर त्यांच्या बायकोची. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत, म्हणून घरीदारी त्यांना सगळे बाई म्हणत, नवरासुद्धा. वकिलांचं रसायनाचं ज्ञान साबणाच्या फेसाएवढं. अर्जातलं तांत्रिक पान बाईंच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय टाइप होत नसे. फ्रिजमधला वरचा कप्पा बाटल्यांचा होता आणि दूध खाली. "आपल्याकडे पाहुणा तहानलेला आला की माझ्याच घशाला कोरड पडते," बाई म्हणायच्या. "काय उचलेल नेम नाही."

अशा माणसाकडे इस्त्रीवाल्या मावशी आल्या त्या एक पांढरा शर्ट घेऊन. कारखान्यांच्या वस्तीमागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं घर, पुढे इस्त्रीचं टेबल आणि मागे सासऱ्यांनी खणलेली विहीर. सगळी गल्ली त्याच विहिरीवर. मावशींनी शर्ट टेबलावर पसरला. पाठीवर फिकट पिवळे ठिपके होते.

"गिऱ्हाईक म्हणतं मी जाळला. तीस वर्षांत मी एक कॉलर जाळलेली नाही, साहेब. हे पाणी शिंपडल्याचे डाग आहेत."

"शर्टाची भरपाई हवीय का?"

"शर्ट गेला खड्ड्यात. जे पाणी शर्टाला डाग पाडतं ते आम्ही पितोय," मावशी म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर लहान, गोल जखमा होत्या, खोल, न भरणाऱ्या. "गल्लीत सगळ्यांना आहेत. मुलांनासुद्धा."

बाईंनी तो शर्ट खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि एका शब्दात निकाल दिला. क्रोम. विहिरीच्या भिंतीपलीकडे नळांना चकचकीत मुलामा देणारा कारखाना होता. त्याचं सांडपाणी जमिनीत मुरत होतं, आणि त्यातल्या क्रोमची जी जात पाणी पिवळं करते तीच माणसाला पोखरते. या जातीचा नमुना चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत तपासायला पडला पाहिजे, असा नियम. बाईंनी तो कागदावर लिहून खाली लाल रेघ मारली.

एका गुरुवारी सकाळी दहा वाजता वकिलांनी विहिरीतून बादली वर काढली. साक्षीदार म्हणून मावशींनी लेबलावर सही केली, एकेक अक्षर घाट चढल्यासारखं चढत. तेवढ्यात कारखान्याचा पहारेकरी भिंतीवरून ओरडू लागला, त्याच्याशी वकिलांची खडाजंगी झाली आणि त्या गडबडीत लेबलावरचा वेळेचा रकाना कोरा राहिला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. बर्फ घ्यायला ते घरी गेले तेव्हा बाई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या होत्या. डोळे उघडे होते, पण तोंड एका बाजूला ओढलेलं आणि जीभ जड.

बाटली फ्रिजमध्ये कुणी ठेवली, ते त्यांना नंतर आठवेना. बहुधा त्यांनीच. तो दिवस आणि ती रात्र दवाखान्याच्या बाकावर गेली. सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, डावा हात सावकाश येईल. बहिणीला बाईंपाशी बसवून ते बसमध्ये चढले, डबा मांडीवर घेऊन. प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अठ्ठावीस तास.

खिडकीतल्या कारकुनाने बाटली फिरवून पाहिली. "साहेब, तुम्ही आणि रकाना कोरा? वेळ टाका." मग सवयीने पुढचं वाक्य म्हणाला, "चोवीस तासांच्या वर असेल तर घेतो आम्ही, पण अहवालावर उशिराचा शेरा पडतो."

शेरा पडला की काय होतं ते वकिलांना पाठ होतं. तो एकच शब्द धरून समोरचा वकील सहा महिने खेळत बसला असता. पाणी तेच होतं, विहीर तीच होती, पिवळेपणा ढळढळीत डोळ्यांना दिसत होता. खोटं काय होतं त्यात? फक्त घड्याळ. दवाखान्यातून पुन्हा विहिरीवर, पुन्हा बसने इथवर, एवढं त्राण त्यांच्या अंगात उरलं नव्हतं. त्यांनी पेन काढलं आणि त्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं, दुपारी तीन. गुरुवार दुपारी तीन म्हणजे तेवीस तास.

परतीच्या बसमध्ये रिकामा डबा त्यांनी मांडीवर न घेता सीटखाली ढकलला.

अहवाल आला तो डोळे पांढरे करणारा होता. मर्यादेच्या बारा पट. न्यायाधीशसुद्धा वाचताना दोनदा थांबले. कारखान्याचं उत्पादन थांबवायचं आणि गल्लीला नळाचं पाणी द्यायचं, असा हुकूम आता फक्त लिहायचा बाकी होता. मावशी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाच्या उपाहारगृहात चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, पाणी चांगलं आहे इथलं.

तेव्हा कारखान्याचे वकील उठले. वकीलमंडळींत त्यांना मखमल म्हणत, कारण त्यांचा आवाज कधी चढत नसे. मखमल अदबीने म्हणाले की नमुन्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्या दोघांना काही प्रश्न विचारायचे आहेत. अठ्ठावीस वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं, पण त्या सकाळी भिंतीवरून ओरडलेला पहारेकरी याच कारखान्याचा होता. एकाच खटल्यात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही, म्हणून वकिलांनी वकीलपत्र आपल्या हाताखालच्या ज्युनिअर वकील मुलीच्या हवाली केलं, कोट उतरवला आणि नुसत्या शर्टात घरी आले.

साक्षीदाराला पढवायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. जे पाहिलं ते सांगा, एवढंच ते म्हणत. मावशींनाही तेवढंच म्हणाले. वेळेचा विषय काढायला त्यांची जीभ रेटली नाही. मनाशी त्यांनी असं ठरवून टाकलं की आपण नियम पाळतोय. खरी गोष्ट अशी होती की मावशींसमोर तोंड उघडायची त्यांना लाज वाटत होती, आणि नियम आयताच हाताशी होता.

साक्षीच्या दिवशी मावशी आत गेल्या. पुढचा साक्षीदार म्हणून वकिलांना आत बसायची परवानगी नव्हती. ज्या दालनात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं त्याच्या बाहेरच्या बाकावर ते बसले. येणारेजाणारे शिपाई सवयीने सलाम करत होते आणि कोट नाही हे बघून गोंधळत होते. पंचवीस मिनिटांनी त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर दालन वेगळंच दिसतं, हे त्यांना तेव्हा कळलं. मावशी मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या, पदर सावरून, काम चोख बजावल्यासारख्या.

"नमुना आपण किती वाजता काढलात?" मखमलने विचारलं.

"लेबलावर आहे ते."

"लेबलावर दुपारी तीन आहे. आत्ताच आपल्या साक्षीदार शपथेवर सांगून गेल्या, सकाळी दहा. अगदी ठामपणे. म्हणाल्या, शाळेच्या गणवेशांची इस्त्री संपवून त्या उठल्या होत्या आणि ते काम रोज दहाला संपतं. आता दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय. कोण, ते आपणच सांगा."

ज्युनिअर मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. न्यायाधीश चष्मा काढून पुढे वाकले. ते या माणसाला वीस वर्षं ओळखत होते आणि त्यांच्या आवाजात काळजी होती. "खोटं कशाला म्हणायचं? या साक्षीदारांचं वय झालंय. वेळेत गफलत होऊ शकते माणसाची. तसं काही आहे का?"

नुसती मान हलवायची होती. एका इस्त्रीवालीचा शब्द आणि त्यांचा शब्द यात कुणाचा चालेल हे पिंजऱ्याच्या लाकडालाही ठाऊक होतं. आणि एवढ्यावरच थांबलं नाही. मागच्या बाकावर मावशी अर्धवट उठल्या. काय चाललंय ते त्यांना पुरतं उमगलं नव्हतं, पण आपल्या बोलण्याने वकीलसाहेब अडचणीत आले, एवढं कळलं होतं.

"माझंच चुकलं असेल, साहेब," त्या म्हणाल्या. "मला मेलीला घड्याळातलं काय कळतंय!"

शिपायाने त्यांना खाली बसवलं. वकिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. जखमांची बोटं त्यांनी पदरात लपवली होती. तीस वर्षांत एक कॉलर न जाळलेली बाई भर कोर्टात स्वतःला बावळट ठरवून घेत होती, कुणीही न सांगता, त्यांच्यासाठी.

"त्या खरं बोलल्या," ते म्हणाले. "नमुना सकाळी दहालाच काढला. प्रयोगशाळेत पोचायला मला अठ्ठावीस तास लागले. तीनची वेळ मी नंतर लिहिली. ती खोटी आहे."

"उशीर का झाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"घरचं काम होतं."

बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. मखमलने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. खाली बसताना ते वकिलांच्या नजरेला नजर देत नव्हते, आणि जिंकणाऱ्या माणसाचं तोंड असं असत नाही.

अहवाल रद्द झाला. हुकूम लांबला. आठवड्याभरात वकिलांच्या संघटनेची नोटीस आली, आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये. त्यामागोमाग दोन जुन्या खटल्यांतल्या कारखान्यांनी अर्ज टाकले की त्या बाटल्यांवरच्या वेळा तरी खऱ्या कशावरून? त्या खऱ्या होत्या. एकूण एक खऱ्या होत्या. पण आता ते सांगणारा माणूस तोच होता, ज्याने एक खोटी लिहिली होती.

घरात त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. पण लहान शहर ते, भेटायला आलेल्या शेजारणीने सगळं साग्रसंगीत सांगून टाकलं. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा बाई खुर्चीत बसून डाव्या हाताने रबरी चेंडू दाबत होत्या. अर्धा मिनिट त्या दाबतच राहिल्या.

"माझ्यामुळे उशीर झाला," त्या म्हणाल्या. शब्द अजून जड पडत होते.

"तुझा काय संबंध? लिहिलं मी."

"अहो, पण लिहिलंत कशाला? ही क्रोमची जात बाटलीत पडून राहिली तर कमी होते. कमीच होते, वाढत कधी नाही. चोवीस तासांचा नियम आहे तो त्यासाठी. अठ्ठावीस तासांनी बारा पट निघालं, म्हणजे विहिरीत त्याहून जास्तच असणार, कमी नाही. उशिराचा शेरा पडू द्यायचा होतात. मी दोन ओळी लिहून दिल्या असत्या. तो शेरा आपल्याच बाजूने बोलला असता."

वकील हातातली पिशवी तशीच धरून उभे राहिले. अठ्ठावीस वर्षं असे नियम त्यांनी तोंडपाठ म्हटले होते आणि ते का आहेत हे एकदाही विचारलं नव्हतं. ते खातं बाईंचं होतं. ज्या एका दिवशी बाईंना विचारता आलं नाही, त्याच दिवशी त्यांनी आपल्या अकलेने निर्णय घेतला होता. खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं लिहिलं असतं तर आज गल्लीत नळ आला असता.

ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बाईंना तो ऐकू गेलाच. त्यांनी हाक मारली नाही.

चार दिवसांनी नवा आदेश निघाला आणि तो सांगायला ते स्वतः गल्लीत गेले. ज्युनिअर मुलगी म्हणाली, "सर, मी जाते," पण त्यांनी ऐकलं नाही. मावशी इस्त्री करत होत्या. टेबलाखाली दुकानातून आणलेला पाण्याचा कॅन होता, तो फक्त कपड्यांवर शिंपडायला. गिऱ्हाइकं टिकवायची तर शर्टांना चांगलं पाणी लागत होतं.

"कोर्टाने तुमच्याबद्दल लिहिलंय," ते म्हणाले आणि आदेशातलं वाक्य वाचून दाखवलं. सदर साक्षीदार महिला पूर्णपणे विश्वासार्ह आहे.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"बरं. आणि पाणी?"

"नमुना नव्याने घ्यायचाय. सहा आठवड्यांनी."

"सहा आठवडे?" मावशी आत्तापर्यंत धरून होत्या, त्या आता सुटल्या. "सहा आठवडे ही पोरं काय पिणार? हा कॅन पुरतो होय गल्लीला? तुमचं खरं तुम्हाला लखलाभ, साहेब! मी उठून उभी राहिले होते ना तिथे? चुकले म्हणाले होते ना? ठरवायचं होतं मला खोटं! माझा शब्द खोटा पडला असता तर माझं काय वाकडं होणार होतं? उद्यापासून कुणी कपडे द्यायचं थांबलं असतं का?"

शेजारच्या दारातून दोन बायका डोकावून बघत होत्या. त्यांच्यादेखत वकील म्हणाले, "त्या दिवशी कोर्टात मी चुकलो नाही, मावशी. त्याआधी चुकलो, बाटलीवर लिहिताना. त्याची शिक्षा तुम्हाला झाली. मला माफ करा असं म्हणायलाही मी आलेलो नाही."

मावशींनी शर्टाची बाही ओढून सरळ केली.

"तुम्ही येणार ना? सहा आठवड्यांनी?"

"मला बाटलीला हात लावायला बंदी आहे. आदेशात म्हटलंय, कोर्टाचा माणूस समोर उभा राहील आणि नमुना विहिरीच्या मालकिणीने काढायचा. सगळं तुम्ही करायचंय, लेबलसुद्धा."

"मी?"

"विश्वासार्ह तुम्ही आहात."

मावशींनी इस्त्री बंद केली, पदर खोचला आणि मागचं दार उघडलं. "चला तर मग. शिकवा."

विहिरीपाशी वकिलांनी पिशवीतून सरावापुरती एक रिकामी बाटली काढून मावशींच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकले. मावशींनी बादली ओढली. पाणी तसंच होतं, फिकट पिवळं. त्यांनी तीनदा विसळली, दोनदा नीट आणि एकदा घाईत. "पुन्हा," वकील म्हणाले. त्यांनी पुन्हा विसळली. काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, दोरा गुंडाळला. जागा लिहिली, तारीख लिहिली, एकेक अक्षर, जीभ दाताखाली धरून. वेळेच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"आणि समजा, न्यायला उशीर झाला तर?"

वकील विहिरीच्या कठड्याला टेकले होते.

"उशीर झाला तर उशीर झाला म्हणून लिहायचं."

"एवढंच?"

"एवढंच," ते म्हणाले, आणि त्यांना मावशींकडे बघवेना.